वर न गेलेला हात

अमेरिकेत एखादी गोष्ट सरळ, सहज आणि पहिल्याच खेपेला मिळाली की तिच्याबद्दल संशय येणारा माणूस अख्ख्या व्हर्जिनिया राज्यात एकच असेल, आणि तो हर्नडनमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. दुकानात पाव ताजा मिळाला तर हा गृहस्थ तो उलटसुलट करून बघतो. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच आत बोलावलं तर 'माझं काही गंभीर तर नाही ना' असं बायकोला विचारतो. मूळचे पोलंडचे, दक्षिणेकडच्या कोळशाच्या खाणींच्या एका शहरातले. पेशाने इमारतींचे इंजिनिअर. अमेरिकेत येऊन त्यांना इतकी वर्षं झाली की त्यांची मुलगी ओहायोत स्वतः पन्नाशीच्या घरात आहे, पण या देशात सगळं दुकानात नुसतं पडून असतं, यावर त्यांचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. आमच्या मुलीने लहानपणी त्यांना वाढदिवसाचं कार्ड दिलं, त्यावर इंग्रजी अक्षरांत 'आजोबा' लिहिलं होतं. पोलिशमध्ये त्या 'ज'चा उच्चार 'य' होतो. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, 'आयोबा', आणि तेव्हापासून ते स्वतःची ओळख तशीच करून देतात. फोनवर सुद्धा गंभीर आवाजात, 'धिस इज आयोबा.'

रांग हा त्यांच्या अंगात मुरलेला विषय. रांग दिसली की ते आधी तिच्यात उभे राहतात आणि मग पुढच्याला विचारतात, इथे काय मिळतंय. एकदा इथल्या इंडियन दुकानात हापूसच्या पेट्या आल्या होत्या आणि दाराबाहेर रांग लागली होती. आजोबा शेजारच्या दुकानात बूट दुरुस्तीला टाकायला गेले होते. तासाभराने ते एक पेटी छातीशी धरून आमच्या दारात उभे. 'हे मिळालं,' म्हणाले, 'आता याचं काय करतात ते सांगा.' मी आंबा पिळून, चोखून दाखवला. त्यांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि अतिशय शास्त्रशुद्ध पद्धतीने खाल्ला. माझ्या बायकोने विचारलं, काय आहे ते माहीत नसताना उभे कसे राहिलात. त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू ती अजून लहान आहे. 'इतके लोक उभे आहेत म्हणजे काहीतरी असणारच. नको असलं तर ज्याला हवंय त्याच्याशी बदलून घेता येतं. आम्ही एकदा मुलांच्या गमबुटांच्या रांगेत उभे राहिलो. तेव्हा मूल नव्हतं. ते नंतर झालं.'

दुसरी सवय कुजबुजण्याची. महत्त्वाचं काहीही ते घरात बोलत नाहीत. मला हाताला धरून मागच्या अंगणात नेतात, इकडेतिकडे बघतात, आणि मग कानाशी येऊन सांगतात की आपल्या कॉलनीच्या असोसिएशनचा अध्यक्ष केसांना रंग लावतो. आमच्या स्वयंपाकघरात ते बोलकं यंत्र आहे ना, हाक मारली की हवामान सांगणारं, ते त्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ त्याच्याभोवती फिरले. 'हे सगळं ऐकतं?' 'हो.' 'सारखं?' 'तसं म्हणायला सारखंच.' 'आणि हे तुम्ही स्वतः विकत आणलंत?' मी मान डोलावली. 'आमच्याकडे हे सरकार आपणहून बसवून द्यायचं,' ते म्हणाले, आणि ओट्यावरचं एक पातेलं उचलून त्यांनी त्या यंत्रावर पालथं घातलं. तेव्हापासून ते आले की माझी बायको आधी पातेलं पालथं घालते आणि मग चहा टाकते.

साथीच्या दिवसांत दुकानांतली फळ्या-कपाटं रिकामी झाली, टॉयलेट पेपरसाठी माणसं गाड्या घेऊन गावोगाव हिंडू लागली, तेव्हा आमच्या कॉलनीत शांत असलेला माणूस तेवढा हा एकच. उलट त्यांच्या चेहऱ्यावर जरा तजेलाच आला होता. त्यांनी सांगितलं, त्यांच्या तरुणपणी असे कागदाचे रोल आले की ते दोरीत ओवून देत आणि माणूस ती माळ गळ्यात घालून भर रस्त्याने घरी जाई. वाटेत लोक अदबीने थांबवून विचारत, कुठे मिळाली. 'लग्नातसुद्धा माझ्याकडे कोणी इतकं बघितलं नव्हतं.' त्यांनी आमच्या दाराला एक भरलेली पिशवी आणून अडकवली. मी ती व्हिडिओ कॉलवर माझ्या बाबांना दाखवली. बाबा म्हणाले, 'त्यांना थँक्यू सांग, आणि म्हणावं आमच्यात पाण्याने भागतं.'

त्यानंतर दोन-एक वर्षांनी बाबा स्वतःच इथे सहा महिने राहायला आले. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. बाबा एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. मी दिवसभर अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये, बायको ऑफिसात, मुलगी शाळेत. बाबा खिडकीशी बसून जाणाऱ्या गाड्या बघायचे. कोणाशी काय बोलणार हा प्रश्न होता. तो आजोबांनी सोडवला. आमच्या कॉलनीत टपालाच्या पेट्यांजवळ मेपलच्या झाडाखाली एक लाकडी बाक होता. इथे मुलांकडे येणारे सगळे आईबाप, नागपूरचे, हैदराबादचे, पुण्याचे, संध्याकाळी तिथे जमायचे. आजोबा एक दिवस बाबांना घेऊन त्या बाकावर बसले आणि पुढचे सहा महिने ते दोघं तिथून फारसे उठलेच नाहीत.

दोघांचंही इंग्रजी बेताचं, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचं नीट कळायचं. बाबांनी स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा ते सडेफटिंग होते आणि स्कूटर हातात आली तेव्हा मी पुढे उभा राहण्याइतका झालो होतो, हे त्यांनी सांगितलं. आजोबांनी टाळीसाठी हात पुढे केला. त्यांचीही गाडीची कथा तीच. रॉकेलची रांग, रेशनची साखर, गॅसचा नंबर, फोनसाठी कोणाच्या तरी ओळखीच्या साहेबाला भेटणं, एकेक प्रकरण निघायचं आणि दुसऱ्याकडे त्याला जोड असायचीच. आजोबांनी सांगितलं, त्यांच्या एका इमारतीच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते आणि लिफ्टच आली नव्हती. मग प्रत्येक मजल्यावर लिफ्टचं दार तेवढं रंगवून बसवलं आणि वर पाटी लावली, दुरुस्तीसाठी बंद. 'लिफ्ट येण्याआधी ती बंद पडली होती.' बाबा जरा विचार करून म्हणाले, 'आमच्याकडे नळाचं उद्घाटन होतं. भिंतीमागे टँकर उभा केला होता.' मग दोघं बाकाला टेकून समाधानाने बसले.

बाबा परत जायच्या थोडं आधी असोसिएशनने ठरवलं की तो बाक काढायचा. कारण असं दिलं की लोक तिथे फार वेळ बसतात. बाबांना हे समजेना. 'बाकावर बसायचं नाही तर काय करायचं?' ते सारखं विचारत. आजोबा मात्र पेटले. इथे एक सांगायला हवं, की असोसिएशनची एकही सभा ते चुकवत नाहीत. कचऱ्याच्या डब्यांच्या रंगावर चर्चा असली तरी कोट आणि टाय घालून पहिल्या रांगेत. बाकाच्या सभेला त्यांनी मला आणि बाबांनाही नेलं. ते उठून उभे राहिले आणि त्यांच्या त्या जड इंग्रजीत म्हणाले, 'ज्या गावात म्हाताऱ्यांना बसायला जागा नाही त्या गावात तरुणांनी घर घेऊ नये, कारण तेही म्हातारे होणार आहेत.' अध्यक्षांनी ऐकून घेतलं, धन्यवाद दिले, आणि मतं मागितली. बाक काढायच्या बाजूने भराभर हात वर झाले. मग त्यांनी विचारलं, विरोधात कोण? आजोबांचा हात, माझा, आणि मागच्या बाजूला बसलेल्या चार-दोन देशी मंडळींचा. अध्यक्षांनी पेन्सिलीने हवेत टोचत टोचत ते हात मोजले आणि ठराव मंजूर झाला.

बाहेर आलो तर आजोबांचा चेहरा खुललेला. मी म्हटलं, 'आपण हरलो, आजोबा.' 'हो, हरलो,' ते म्हणाले, 'पण त्याने मोजलं. बघितलंस ना? विरोधात कोण, असं विचारलं, आणि मोजलं.' बाबांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, 'इंजिनिअरसाहेब, तुमच्याकडे नाही मोजायचे?' तेव्हा पार्किंगमध्ये माझ्या गाडीला टेकून त्यांनी ती गोष्ट सांगितली.

ते इमारतींचे नकाशे काढणाऱ्या सरकारी ऑफिसात होते. मोठा हॉल, ओळीने टेबलं. लष्करी कायदा लागला तो हिवाळा. संपाच्या आणि युनियनच्या दिवसांत पुढे पुढे असलेला एक सहकारी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याला कामावरून काढायचं वरून ठरलेलं होतं. पण ते ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं असं दिसायला हवं होतं. म्हणून सभा बोलावली. तो सहकारीही तिथेच बसलेला. सत्तेवरच्या कम्युनिस्ट पक्षाच्या माणसाने ठराव वाचला आणि विचारलं, बाजूने कोण? हॉलभर हात वर गेले. 'मी खरं सांगतो,' आजोबा म्हणाले, 'मी शूर बिर नव्हतो. मला वाटलं, बघू तरी माझा हात काय करतो. आणि तो गेलाच नाही वर. मी त्याच्याकडे बघत होतो, आणि तो मांडीवर पडून होता, जणू दुसऱ्या कोणाचा.' पक्षाच्या माणसाने हॉलभर नजर फिरवली, त्यांच्यापाशी थांबवली, आणि त्यांच्याकडे बघतच म्हणाला, एकमताने मंजूर.

'म्हणजे मोजला नाही,' बाबा म्हणाले.

'तिथे नाही मोजला. घर वाटताना मोजला.'

ते घर म्हणजे या नवराबायकोच्या आयुष्यातली मोठी गोष्ट. लग्नापासून ते आजीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, आईकडे एका खोलीत राहत होते आणि स्वतःच्या घरासाठी वर्षानुवर्षं थांबले होते. शेवटी मिळणार होतं ते आजोबांनीच नकाशा काढलेल्या एका इमारतीत. त्या काळच्या सरकारी घरांत स्वयंपाकघराला खिडकी नसायची. आजोबांनी साहेबांशी भांडून कोपऱ्यावरच्या घरांना तरी ती ठेवून घेतली होती, पूर्वेकडे तोंड केलेली, आणि त्यातलंच तिसऱ्या मजल्यावरचं घर त्यांना मिळायचं होतं. आजीने पडदे शिवून ठेवले होते. त्या सभेनंतर ते घर दुसऱ्याला गेलं, आजोबांची बदली एका विटांच्या कारखान्यात झाली, आणि आजी पुढची कितीतरी वर्षं आईच्या अंधाऱ्या चुलीपाशीच स्वयंपाक करत राहिली, अमेरिकेत येईपर्यंत. 'आणि तो सहकारी?' मी विचारलं. 'घर गेल्याचं कळलं तसा आला आणि माझ्यावरच ओरडला. म्हणाला, तुला कोणी सांगितलं होतं? माझी नोकरी तर जाणारच होती, आता तुझ्या बायकोच्या घराचं ओझंही माझ्यावर. त्याचं बरोबर होतं.' एवढं बोलून ते गाडीत बसले आणि सीटबेल्ट लावत म्हणाले, 'चला, भूक लागली.'

ही गोष्ट कळल्यावर मला एका जुन्या कोड्याचा उलगडा झाला. आमची मधली भिंत पातळ आहे. संध्याकाळी पलीकडून दोघांच्या भांडणाचा आवाज यायचा आणि त्यात 'कुखन्या, कुखन्या' असा एक शब्द सारखा ऐकू यायचा. इतकी वर्षं मला ती शिवी वाटत होती. माझ्या मुलीने एकदा आजीलाच विचारलं. 'बाबा, इट जस्ट मीन्स किचन,' तिने येऊन मला सांगितलं. म्हणजे ते भांडण त्या स्वयंपाकघराचं होतं. एका दुपारी आजी आमच्याकडे आली असताना माझ्या बायकोने विषय काढला. आजी ठेंगणी, गोरी, कपाळावर कायम आठी. तिने तिची बाजू सांगितली. 'हात गेला नाही म्हणतो. कसा जाईल? हा झोपला होता. आदल्या रात्री दातदुखीने जागा होता, सभेत डुलकी लागली. सगळे म्हणाले, काय धाडस. मला विचारा.' आजोबा तिथेच बसलेले. 'मी जागा होतो,' ते शांतपणे म्हणाले. 'घोरत होतास. मला तुझ्याच मित्राने सांगितलं.' 'तो घाबरला होता, त्याला काय ऐकू येणार?' हे इंग्रजीत सुरू झालं आणि मग पोलिशमध्ये गेलं. त्यांची ही गाडी इतकी ठरलेल्या रुळावरून जायची की मधूनच आजी बोलता बोलता त्यांच्या बशीत आणखी एक करंजी ठेवायची आणि ते आपली बाजू न सोडता ती खायचे. बायको नंतर मला म्हणाली, 'किती क्यूट आहेत यार, पण तिचं दुःख खरं आहे हां.' ते मलाही दिसत होतं. आजीच्या इथल्या स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे, भरपूर उजेड आहे; पण तिचं म्हणणं, ही तर दुकानातून घेतल्यासारखी मिळाली, ती माझी होती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी दोघांना घेऊन पोलंडला गेली. आजोबांची तब्येत जरा उतरायला लागली होती, तेव्हा एकदा जाऊन येऊ असं तिने ठरवलं. परत आल्यावर आजी माझ्या बायकोला भेटली आणि तिने सगळं सांगितलं. त्या शहरात गेल्यावर तिने हट्ट धरला की ते घर बघायचंच. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले, बेल वाजवली. एका तरुण मुलीने दार उघडलं, कडेवर बाळ. आजीच्या मुलीने समजावून सांगितलं तशी तिने आत घेतलं. आजी सरळ स्वयंपाकघरात गेली आणि उभी राहिली. 'केवढंसं होतं,' ती बायकोला म्हणाली. 'मी आणि ती मुलगी, दोघी उभ्या राहिलो तर भरलं. आणि ऊन नव्हतंच. समोर दुसरी इमारत आहे, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ.' त्या मुलीने तिला चहा दिला. तिथेच उभ्याने चहा घेऊन आजी खाली उतरली आणि जिन्यात आजोबांना म्हणाली, 'चल, झालं माझं.'

यानंतर काही दिवसांनी आजोबांनी मला दंडाला धरून अंगणात नेलं. मला वाटलं, अध्यक्षांचं काही नवीन असेल. ते खालच्या आवाजात म्हणाले, 'त्या समोरच्या इमारतीचं मला माहीत होतं.'

'म्हणजे?'

'त्याच वर्षी तिचाही नकाशा माझ्याच टेबलावर होता. आम्हाला घर मिळालं असतं ना, तरी दोन वर्षांत ऊन गेलंच असतं.'

इतकी वर्षं चाललेलं भांडण या एका वाक्यात संपलं असतं. 'मग सांगितलं का नाहीत आजींना?'

त्यांनी खांदे उडवले. 'तिला घर मिळालं नाही. आईकडच्या धुरात तिचं तरुणपण गेलं, माझ्यामुळे. तिच्याकडे एक स्वयंपाकघर होतं, ते तेवढं डोक्यात होतं. त्यात ऊन असू दे म्हटलं.' मग जरा थांबून म्हणाले, 'आणि सभेत मी जागा होतो. तूही हे लक्षात ठेव.'

पोलंडहून ते परत आल्यापासून भिंतीपलीकडून आवाज येत नाही. सुरुवातीला मला वाटलं, प्रवासाचा थकवा असेल. पण पानगळ झाली, थंडी आली, तरी शांतता तशीच. आजी आता बरीच मवाळ झाली आहे. आजोबांच्या गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळते, त्यांच्या गोळ्या वेळेवर देते, त्यांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकते. आजोबा मला त्या सभेची गोष्ट पुन्हा कधी सांगत नाहीत. मी एकदा आपणहून काढली, तर म्हणाले, 'आता कोणाला सांगायची? ती भांडायची म्हणून मी सांगत होतो. आता ती म्हणते, जागा असशील, असशील.'

मी हे बाबांना फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, 'तुझी आई आणि मी गॅसच्या नंबरावरून भांडायचो. तिचं म्हणणं, मी एक दिवस आधी गेलो असतो तर सहा महिने आधी मिळाला असता. ती गेली तेव्हा मला वाटलं, आता हे कोण म्हणणार.' मग म्हणाले, 'इंजिनिअरसाहेबांना माझा निरोप सांग. म्हणावं, दुसरं काहीतरी शोधा भांडायला. उशीर करू नका.'

दुसऱ्या दिवशी आजोबा दारापुढचा बर्फ बाजूला करत होते, मी त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि बाबांचा निरोप सांगितला. त्यांनी तो नीट ऐकला.

'केला प्रयत्न,' ते म्हणाले. 'काल जेवताना म्हटलं, सूपमध्ये मीठ कमी आहे. पूर्वी एवढं बोललो असतो तर रात्रभर पुरलं असतं.'

'मग?'

'उठली, आणि मीठ आणून दिलं.'